उजव्या हाताचं हेलिकॉप्टर

निल्दा बारिएन्तोसला कुणी काही विचारलं की ती फटकन सांगून मोकळी व्हायची. गुलाब कधी छाटायचा, एम्पानादाचं, म्हणजे तिथल्या तिखट करंजीचं, सारण कोरडं पडलं तर काय घालायचं, नवऱ्याला गप्प कसं करायचं, सगळ्याला एका वाक्यात उत्तर. पण त्या वर्षी सल्ला मागायची पाळी तिच्यावरच आली, आणि एस्कोबार गावात सल्ल्यांना काय तोटा! पाच जणांना विचारलं, सात सल्ले मिळाले, आणि बाईच्या डोक्याचा पार भुगा झाला.

विषय काय, तर दुसरं हेलिकॉप्टर कोणतं घ्यायचं. रिमोटवर उडणारं.

"या वयात बायका दुसरं लग्न करतात, निल्दा. दुसरं हेलिकॉप्टर कोण घेतं?" सिक्स्तो म्हणाला. सिक्स्तो म्हणजे तिचा नवरा. बस चालवायचा. बसला ब्रेक होता, जिभेला नव्हता.

"तेही करीन. आधी हे होऊ दे."

पहिलं हेलिकॉप्टर तिला दॉन तादाओंनी दिलं होतं. दॉन तादाओ मियाशिरो, म्हणजे आपले तादाओराव, फुलवाले. एकोणीस वर्षांची असताना निल्दा दूर उत्तरेकडच्या सान्तियागोहून एक पिशवी घेऊन उतरली आणि थेट त्यांच्या काचघरात कामाला लागली. चाकू कसा धरायचा, अंगठा कुठे ठेवायचा, हे त्यांनी शिकवलं. एकतीस वर्षं तिने तिथे कार्नेशन खुडली. मालक कधी आवाज चढवून बोलले नाहीत आणि कधी तोंडभरून कौतुकही केलं नाही. दोन वर्षांपूर्वी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सहा आठवडे खुर्चीत बसून तिने घरादाराला नको नको करून सोडलं, तेव्हा म्हातारा एक खोकं घेऊन आला.

"हे घे, आणि त्या बिचाऱ्या सिक्स्तोला जगू दे."

खोक्यात तळहाताएवढं हेलिकॉप्टर. एकावर एक दोन पंखे. चुलतभावाने जपानहून पाठवलेलं.

तेव्हापासून दर शनिवारी काचघरामागे शिकवणी. निल्दा रिमोट धरून उभी, आणि दॉन तादाओ हात मागे बांधून तिच्या पाठीशी. "शेपूट! अगं, शेपूट बघ!" फारच वाकडं चाललं की ते रिमोट काढून घेत, दोन अंगठ्यांनी पाखरू सरळ करत आणि परत देत. ही एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे सगळं तिच्यावरच अडलं.

पण ते दोन पंख्यांचं खेळणं आपलं आपणच हवेत उभं राहतं. मुलांच्या सायकलला मागे दोन छोटी चाकं लावतात ना, तसंच. खरं हेलिकॉप्टर एका पंख्याचं. ते हवेत एका जागी धरायलाच महिने जातात, आणि त्यातही नाक आपल्याकडे करून धरायचं म्हणजे महाकठीण, कारण तेव्हा त्याचं डावं आपलं उजवं होतं. निल्दाने खेळण्यावर ते जमवलं तेव्हा दॉन तादाओ एवढंच म्हणाले, "बरं आहे. खऱ्यावर दाखव."

आणि इथेच खरी घाई होती. ईस्टरला डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की डोळ्यांचा मधला भाग जातोय. कडेकडेचं थोडं राहील, बाकी नाताळपर्यंत धुकं. गुलाबावर मावा पडलाय हे ज्या आवाजात सांगावं, त्याच आवाजात त्यांनी हे निल्दाला सांगितलं. ती फुलांच्या थंड खोलीत जाऊन ढसाढसा रडली.

तर तिला हवं होतं ते इतकंच. म्हाताऱ्याचे डोळे जायच्या आत, त्यांच्यासमोर, खरं हेलिकॉप्टर, नाक आपल्याकडे. आणि पैसे होते एकाच हेलिकॉप्टरचे. चुकलं तर दुसरी संधी नाही.

म्हणून सप्टेंबरात ती रिमोटची विमानं उडवणाऱ्यांच्या क्लबाच्या मैदानावर गेली. रविवारची सकाळ, एकीकडे विमानं घोंघावतायत, एकीकडे जाळीवर मांस चढलंय, आणि माते नावाच्या कडू चहाचा पेला हातोहात फिरतोय. निल्दाने प्रश्न टाकला, आणि गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तसे सगळे लागले.

"मोठं घे," ओरेस्तेस म्हणाला. तो शाळेत गणित शिकवायचा. "मोठं असलं की वाऱ्याला दाद देत नाही, आणि लांबून दिसतं."

दिसतं म्हटल्यावर निल्दाचे कान टवकारले.

"आणि पडलं की मोठा खड्डा पडतो, जमिनीला नि खिशाला," अन्सेल्मो म्हणाला. हा खाटीक, देहाने भरभक्कम, मनाने लोणी. "लहानच घे, निल्दा. पण एका पंख्याचं."

"लहान घेऊन फुकट जाईल. ज्याची पाती फिरता फिरता तिरकी वळत नाहीत ते हेलिकॉप्टरच नव्हे," ओरेस्तेस म्हणाला.

"आधी वर्षभर कॉम्प्युटरवर उडव म्हणावं!" तिसरा कुणी ओरडला.

"माझ्याकडे वर्ष नाही हो," निल्दा म्हणाली.

शेवटी अन्सेल्मोने आपलं मधल्या मापाचं निळं हेलिकॉप्टर काढलं. "हे मी विकतोय. एकदा हातात घेऊन बघ. मी वर नेतो, स्थिर झालं की रिमोट देतो."

आता बघा, मोठमोठ्या चुका कशा होतात. त्या मैदानावर वीस माणसं, विसाच्या विसांना वर-खाली करायची दांडी डाव्या हाताची. निल्दाला शिकवलं दॉन तादाओंनी, आणि ते जपानी पद्धतीचे, त्यांची वर-खालीची दांडी उजव्या हाताची. ते क्लबात कधी यायचे नाहीत. अन्सेल्मोने विचारलं नाही, कारण दुसरी काही तऱ्हा असते हे त्याच्या गावीही नव्हतं. निल्दाने सांगितलं नाही, कारण तिच्याही नव्हतं.

हेलिकॉप्टर समोर झकास उभं होतं, शेपूट तिच्याकडे. रिमोट हातात आला. जरा खाली घ्यावं म्हणून तिने उजवी दांडी हलकेच ओढली. ते खाली आलंच नाही, मागे सरकलं, म्हणजे तिच्याकडे. ती घाबरली आणि आणखी ओढली. ते आणखी जोरात आलं.

"खाली घे! खाली!" अन्सेल्मो ओरडला.

"खालीच घेतेय की मेल्या!"

वीस माणसं गवतावर पालथी पडली. हेलिकॉप्टर त्यांच्या डोक्यांवरून भेलकांडत गेलं आणि थेट कोशिंबिरीच्या परातीत उतरलं. टोमॅटो कुठे, पाती कुठे. ओरेस्तेसच्या चष्म्यावर कांद्याची चकती चिकटली होती.

"कुणाला लागलं नाही ना?" निल्दाने ओरडून विचारलं.

"लेट्यूस गेलं बिचारं," अन्सेल्मो गवत झाडत उठला. आधी हसला. मग रिमोटकडे, मग तिच्या अंगठ्यांकडे बघत राहिला. "अगं बाई, तू उलट्या हाताची आहेस!"

क्लबाचा रिवाज असा, की जो पाडेल त्याने पुढच्या रविवारी सगळ्यांना खायला आणायचं. निल्दाने चार डझन एम्पानादा तळून नेल्या. आणि तूच पाडलंस तर तूच घे, म्हणून अन्सेल्मोने नवी पाती, नवी शेपूट घालून हेलिकॉप्टर अर्ध्या किमतीत देऊ केलं. कोणतं घ्यायचं हा प्रश्न असा परातीतच सुटला. पण गोंधळ कुठला सुटतोय!

"रिमोट उघडून एक स्प्रिंग इकडची तिकडे केली की तुझ्या हाताचं होईल," अन्सेल्मो म्हणाला. "अर्ध्या तासाचं काम. पण माझं ऐकशील तर नको. डावा हात शीक. उद्या तुझं पाखरू बहकलं, तर आम्ही वीस जण आहोत हातातून घ्यायला. उजव्या हाताचं ठेवलंस तर कोण घेणार? एक म्हातारा, आणि त्याचेही डोळे चाललेत."

वाईट याचं वाटलं, की तो खरं बोलत होता. निल्दा घरी आली ती तोंड पाडूनच. डावा घ्यावा तर वीस जणांचा आधार, पण दॉन तादाओंचे अंगठे कायमचे परके. उजवा घ्यावा तर आधारच आंधळा व्हायला निघालेला.

"सिक्स्तो, काय करू रे?"

सिक्स्तोने पहिल्यांदाच टोमणा मारला नाही. "मला गाडीचा गिअर माहिती," तो म्हणाला. "पण ज्यांनी चाकू धरायला शिकवला त्यांना विचार की."

शनिवारी ती गेली. दॉन तादाओ स्टुलावर बसून बोटांनी चाचपत कळ्या वेगळ्या करत होते. तिने सगळं सांगितलं, कोशिंबिरीसकट. ते हसले नाहीत.

"डावा शीक," ते म्हणाले. "अन्सेल्मो शहाणा आहे. मला एप्रिलपासून तुझं पाखरू दिसतच नाही."

"मग शेपूट शेपूट करून ओरडता ते?"

"वळलं की सूर बदलतो. ऐकून ओरडतो."

नाताळपर्यंत म्हणून ती जिवाचा आटापिटा करत होती, आणि त्यांच्या डोळ्यांपुरता नाताळ केव्हाच येऊन गेला होता. तिला त्यांचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला. ती निघाली ती तडक अन्सेल्मोच्या दुकानात.

"स्प्रिंग बदल," ती म्हणाली.

"वेड लागलंय तुला."

"लागू दे. बदल."

तीन आठवडे तिने काचघरामागे एकटीने सराव केला. रोज पहाटे, वारा उठायच्या आत. कधी गुडघाभर उंची, कधी कमरेएवढी. शेपूट आपल्याकडे, मग बाजू आपल्याकडे, आणि एका बुधवारी, देवाच्या कृपेने, नाक.

शनिवारी तिने दॉन तादाओंना हाताला धरून मागे आणलं आणि हेलिकॉप्टर वर घेतलं. केवढा तो आवाज! म्हाताऱ्याने मान वळवून कान तिकडे केला.

"नाक कुणाकडे?"

"माझ्याकडे."

"खोटं बोलत नाहीस ना?"

"तुमच्यापुढे एकतीस वर्षांत बोलले का?"

त्यांनी पुन्हा कान लावला. मग हळूच म्हणाले, "बरं आहे."

तिने शेपूट वळवून आपल्याकडे घेतली, आणि त्यांना चाचपत दोन्ही हात रिमोटवरच्या आपल्या हातांवर ठेवायला लावले. अंगठ्यांवर अंगठे.

"अगं, नुकतंच दुरुस्त झालंय! एकच आहे तुझ्याकडे!"

"मी सांगते, तुम्ही धरा. जरा डावीकडे जातंय. हां. पुढे सरकलं. थोडं मागे. हां."

आधी तिचे अंगठे हलत होते आणि त्यांचे नुसते वर होते. मग कधी कोण जाणे, तिने आपले हात खालून काढून घेतले. हेलिकॉप्टर छातीएवढ्या उंचीवर थांबलं होतं, आणि म्हातारा डोळे मिटून तिचं ऐकत ते धरून होता. निल्दाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण पुसायला नजर हलवली तर सांगणार कोण? म्हणून ती तशीच सांगत राहिली.

"आता खाली. हळू. आणखी हळू. अहो, हळू!"

धप्प.

"पडलं?" दॉन तादाओंनी विचारलं.

"नाही हो. बसलं व्यवस्थित."

"एक पाय वाकलाय," ते म्हणाले. "मला ऐकू आलं."

"वाकू दे," निल्दा म्हणाली. "पुढच्या शनिवारी एम्पानादा तुमच्याकडून."