आफ्रिकाकाकांचं बोलावणं

वाट बघण्यात आमच्या शेजारच्या आफ्रिकाकाकांचा हात धरणारा माणूस विरारपासून चर्चगेटपर्यंत सापडला नसता. आपण वाट बघतो म्हणजे काय करतो? घड्याळाकडे बघतो, येरझाऱ्या घालतो, शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला सरकारची गाऱ्हाणी सांगतो. काका वाट बघायला बसले की मांडी ठोकून बसत आणि आजचं आपलं काम हेच, अशा समाधानानं बसत. हाडाच्या आळशालाही इतकं निवांत बसणं जमत नाही, थोड्या वेळानं त्याला मनातून टोचायला लागतंच. काका मूळचे नगरकडचे मराठी ख्रिस्ती, पेशानं शिक्षक. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. मिशनबरोबर आफ्रिकेतल्या मलावी देशात एका खेड्यात गेले आणि डोक्याचे केस पांढरे होईपर्यंत तिथंच राहिले. तिकडची रीत अशी, की परक्या माणसानं गावात थेट घुसायचं नाही. वेशीवरच्या झाडाखाली बसायचं आणि गावच्या प्रमुखानं बोलावलं की आत जायचं. काका पहिल्यांदा गेले तेव्हा नेमका तो प्रमुख दुसऱ्या गावी लग्नाला गेला होता. काकांनी झाडाखालीच तीन दगडांची चूल मांडली, आणि लग्नाचा पाहुणचार आटोपून प्रमुख परतला तोवर निम्मं गाव त्यांच्याकडे चहा पिऊन गेलं होतं. "धर्मप्रचाराचं अर्धं काम झाडाखालीच झालं बघा," ते सांगत. "उरलेलं देवानं केलं. मी आपला चहा केला." अशा चहावर त्या गावात एक मंडळी उभी राहिली. मंडळी म्हणजे त्यांच्या भाषेत चर्चला जमणारी माणसं, इमारत नव्हे.

वय झालं म्हणून मिशननं निवृत्त केल्यावर, १९८०-८१च्या सुमारास, हा माणूस आमच्या कांदिवलीच्या कॉलनीत राहायला आला. भर दुपारी टेम्पो फाटकाशी उभा, ब्लॉकची किल्ली काकांच्या खिशात, आणि काका बदामाच्या झाडाखाली मांडी घालून! टेम्पोवाला रडकुंडीला आला होता. "ओ काका, सामान उतरवू ना? अजून भांडुपचं भाडं आहे, माझी वाट लागली इथं!" काका त्याला म्हणाले, "जरा दम धर बाबा, अजून कुणी बोलावलं नाही." कांदिवलीत कुणी कुणाला बोलावत नसतं, हे त्या भल्या माणसाला कोण सांगणार? शेवटी आमच्या सासूबाई मिरच्या वाळत घालायला ग्यालरीत आल्या आणि तिथूनच ओरडल्या, "कोण ओ तुमी? उनात कित्याक बसलात? वर येवा, पाणी पिवा!" काका ताडकन उठले, दोन्ही हात जोडून मराठी ख्रिस्त्यांच्या रीतीनं "सलाम" म्हणाले, आणि या बिल्डिंगच्या प्रमुख याच, अशी त्यांनी मनाशी खूणगाठ बांधली. ती अखेरपर्यंत सुटली नाही. भिंतीला चुना काढायचा असो की नगरला भाच्याकडे जायचं असो, काका आमच्या दारात. "पाटलीणबाई, चार दिवस गावाला जाऊन येऊ का?" सोसायटीचे सेक्रेटरी कळवळून सांगत, "अहो, परवानगी माझी लागते!" त्यावर काका नम्रपणे म्हणत, "हो तर! पाटलीणबाईंना विचारतो आणि लगेच तुम्हाला कळवतो." सासूबाईंनी हे पद इतकं मनावर घेतलं, की पुढं पुढं त्या पाण्याच्या टाकीबद्दलही हुकूम सोडू लागल्या.

दुसरी खोड म्हणजे कामाचं बोलणं आधी काढायचं नाही. आधी समोरच्याचं घरदार, प्रकृती, गावाकडचा पाऊस, असेल तर गुरंढोरं, आणि मग काम. रेशनच्या दुकानात माझा नंबर एकदा त्यांच्या मागे लागला. दुकानदार असा की बायका त्याच्याशी बोलायच्या आधी पदर खोचायच्या. काका त्याला म्हणाले, "आई कशी आहे? गुडघे काय म्हणतात?" मागून आरडाओरडा सुरू झाला. "अरे, गहू घे आणि हो ना बाजूला!" "आईचं आईला विचारा ना यार!" पण तो दुकानदार, ज्याला आई असेल असा कुणाला संशयही आला नव्हता, तराजू थांबवून आईच्या गुडघ्यांबद्दल बोलायला लागला. चांगला बोलला. त्या दिवशी आमच्या रांगेला पहिल्यांदाच बिनखड्यांचा गहू मिळाला, तरी काकांना शिव्या द्यायचं कुणी थांबवलं नाही.

सासूबाईंचं त्यांच्याविरुद्ध एकच गाऱ्हाणं होतं. मिशनरी शेजारी आला म्हटल्यावर तो आपल्याला बाटवायला बघणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. त्यासाठी त्यांनी उत्तरं तयार केली होती. गावच्या वेतोबापासून सुरुवात करायची आणि घरातल्या गणपतीवर आणून सोडायचं, असा बेत होता. वर्ष गेलं, दोन वर्षं गेली. काका चवथीला करंज्या खायला आले, मुलाच्या बारशाला आले, पण धर्माचं अवाक्षर नाही. शेवटी सासूबाईंना तो अपमान वाटायला लागला. "येवढो मिशनरी शेजाराक, पण एक दिवस बाटवूक येवक नाय! आमच्यात काय खोट असा?" मी हे काकांना सांगितलं तर ते पोट धरून हसले. म्हणाले, "पाटलीणबाईंनी विचारलं तर सांगेन की! न विचारता सांगितलेलं कुणाच्या कानात शिरतं का, सूनबाई?" सासूबाईंनी काही विचारलं नाही. काकांनी काही सांगितलं नाही. दोघंही आपापल्या देवाशी इमान राखून रोज संध्याकाळी आमच्या ग्यालरीत एकत्र लसूण सोलायचे.

या सगळ्या मजेत एक गोष्ट मात्र मला खुपायची. काकांच्या घरात एक खाट, दोन खुर्च्या आणि स्टोव्ह यापलीकडे काही नव्हतं. "निदान एक कपाट घ्या हो," मी म्हणायची. ते म्हणत, "कशाला? बोलावणं आलं की निघायचंय." निवृत्त होताना त्यांनी मंडळी तिथल्याच एका माणसाच्या स्वाधीन केली होती. त्यांचा स्वतःचा नियम असा, की एकदा स्वाधीन केल्यावर त्या मंडळीनं बोलावल्याशिवाय तिथं पाऊल टाकायचं नाही. "रोप लावलं की रोज उकरून मूळ बघायचं नसतं." नियम चांगला होता, पण त्यांचा जीव तिकडेच होता. शेवटचे दिवस त्या गावात जावेत एवढी एकच इच्छा त्यांनी मला बोलून दाखवली होती. परदेशातून मिशनचं कुणी मुंबईत आलं असं कळलं, की काका दाढी करून, धुतलेला सदरा घालून घरी बसत. वाट बघण्यात एवढा तयार माणूस, पण अशा दिवशी त्यांना मांडी घालून बसवत नसे.

अशी सहा-सात वर्षं गेली. एका रविवारी दुपारी खाली पोरांचा गलका झाला म्हणून मी डोकावले, तर बदामाखाली एक उंच, काळासावळा तरुण मांडी घालून बसलेला. पांढरा शर्ट, मांडीवर पिशवी. वॉचमन त्याला "किधर जाना है? कौन सा फ्लॅट?" असं पुन्हा पुन्हा विचारत होता आणि तो नुसता हसत होता. सासूबाईंनी एकदाच बघितलं आणि म्हणाल्या, "अगो, ह्यो काकांच्याच गावचो! हाक मारल्याशिवाय उठाचो नाय." आणि ग्यालरीतून आवाज टाकला, "येवा रे बाबा, वर येवा!" तो काकांच्या गावचाच निघाला. नाव चिसोमो. पुण्याला पाळकाचं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूचं, शिक्षण घ्यायला आला होता आणि पत्ता शोधत काकांना भेटायला आला होता. काका दारात उभे. त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

आम्ही सगळे काकांच्या खोलीत जमलो. काका आणि तो त्यांच्या भाषेत बोलत होते, काका आम्हाला मराठीत सांगत होते. पण रीत म्हणजे रीत! पाऊस कसा झाला, मका कसा आला, प्रमुखांचा खोकला, कुणाच्या शेळ्या. माझा जीव टांगणीला लागला होता. बोलावणं आणलंय की नाही, एवढं एकदा विचारा ना! काकांचा चहा कपातच निवून गेला होता, पण ते शेळ्यांचंच विचारत होते. मग चिसोमोनं सांगितलं की मंडळी आता मोठी झाली आहे, झाडाखाली मावत नाही. मंडळीनं आपली माणसं नदीपलीकडच्या गावात पाठवली आणि तिथंही एक मंडळी उभी राहिली. आणि त्यानं एक गाणं म्हणून दाखवलं, तिकडच्या बायका मका कांडताना म्हणतात ते. शब्द त्यांच्या भाषेतले, येशूबद्दलचे. पण पहिल्या ओळीलाच सासूबाई सावरून बसल्या. "ह्यी तर जात्यावरची चाल! माझी आये म्हणी!" काका ओशाळले. त्यांची आईही दळताना ख्रिस्ती गाणी याच चालीवर म्हणायची, आणि तिकडे एकटे असताना ते ती गुणगुणत असत. बायकांनी ती ऐकून कधी उचलली ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी दुसरी ओळ चिसोमोबरोबर म्हटली, आपल्या शब्दांत, आणि कुठं अडलं नाही.

मग काकांनी विचारलंच. "माझी आठवण काढतात का रे?" चिसोमोला खोटं बोलता येत नव्हतं. म्हातारी माणसं काढतात, म्हणाला. पोरांना तुम्ही ठाऊक नाही. त्यांना वाटतं, हे गाणं आपल्या आज्यांनीच केलंय. बोलावण्याचं त्यानं काही काढलं नाही, कारण तसं काही नव्हतंच. गावाला कुणाची गरज उरली नव्हती. सासूबाई भडकल्या. "असे कसे इसारले ओ? सगळा आयुष्य घातलात तुमी थंय!" मलाही त्या न पाहिलेल्या गावाचा राग आला. काकांनी मात्र चिसोमोच्या पाठीवर थाप मारली आणि मराठीतच म्हणाले, "लागलं रे रोप. आता ते तुमचंच." आणि त्याला जेवायला घातलं.

दुसऱ्या दिवशी ते चिसोमोला पुण्याच्या एसटीत बसवून परत आले तेव्हा मी त्यांना जिन्यातच गाठलं. "काका, वाईट वाटलं का हो?" ते पायरीवर टेकले. "वाटलं ना. खोटं कशाला बोलू? मुलगी सासरी रमली, माहेरची आठवण येईना, की बापाला कसं वाटत असेल, तसं वाटलं. चांगलंही तसंच वाटलं." मग त्यांनी मला कपाट कुठं स्वस्त मिळेल ते विचारलं. त्यानंतर काका कांदिवलीतच राहिले आणि तिथंच गेले.

तेव्हा मला मुलगी नव्हती. आता आहे, परदेशात सासरी आहे, आणि मजेत आहे. गेल्या महिन्यात आठवडाभर तिचा फोन आला नाही. आला तेव्हा म्हणाली, "अगं आई, विसरलेच गं!" मी तिला घरी सगळे कसे आहेत, पाऊस कसा आहे, एवढं विचारलं.