माणूस नसलेल्या दुकानात

एप्रिलमध्ये नागपूरला कोणी जातं का, असं घरचे म्हणत होते. पण भाचीच्या, अनुजाच्या, नव्या घराची वास्तुशांत होती. शिवाय तिच्या सोसायटीच्या तळमजल्यावर एक दुकान निघालं होतं, ज्यात विक्रेता नाही, गल्ल्यावर मालक नाही, कोणीच नाही. असं दुकान चालणार नाही, लोक उचलून नेतील, हे माझं मत मी न बघताच बनवून टाकलं होतं. छत्तीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवल्यामुळे लोकांच्या प्रामाणिकपणाबद्दल माझी मतं जरा ठाम आहेत.

कोल्हापूरची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी नागपुरात पोचली. फलाटावरच्या बाकाला हात लावून बघितला आणि लगेच काढून घेतला. रिक्षावाल्याने माझं उघडं डोकं पाहिलं.

"कुठून आले जी?"

"कोल्हापूर."

"बापा! अन् दुपट्टा नाही बांधला? इथं भर दुपारी काहून (कशाला) निघाचं?"

त्याने स्वतःचा ओला रुमाल मला दिला आणि उतरेपर्यंत परत मागितला नाही. कोराडीच्या रस्त्याला लागल्यावर दूर वीज केंद्राच्या चिमण्या दिसू लागल्या. त्यांचा धूर आणि आभाळ एकाच रंगाचं होतं. अनुजाचे यजमान तिथेच नोकरीला आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावर तर्रीपोहे खाल्ले. तर्री म्हणजे चण्याचा झणझणीत लाल रस्सा. पहिल्याच घासाला ठसका लागला आणि अर्धी वाटी पांढऱ्या सदऱ्यावर सांडली. घरी येऊन निळा झब्बा चढवला आणि अनुजाबरोबर दुकान बघायला उतरलो.

तिने मोबाईल दाखवला, काचेचं दार सरकलं. "मामा, घ्यायचं ते या यंत्रासमोर धरायचं. सगळ्या वस्तू झाल्या की पैसे माझ्या खात्यातून जातात आणि दार आपोआप उघडतं," असं सांगून ती वर गेली. घरी पाहुणे यायला लागले होते.

आत गारवा होता. छतावर काळे गोल कॅमेरे होते. आणि एक बाई गुडघ्यावर बसून खालच्या फळीवर बिस्किटं लावत होत्या.

"इथे माणूस नाही म्हणतात ना?" मी विचारलं.

त्या हसल्या. "दुकानात नाहीच जी. आमी फक्त मांडून देतो. लकडगंजच्या गोदामातून माल येते, सकाळी अशी चार दुकानं भराची अन् घरी जाचं."

त्यांचं नाव रेखाबाई. माहेर उमरेडचं. वडील हातमागावर लुगडी विणायचे. "आता भावानं मागाच्या खोलीत पिठाची चक्की टाकली," त्या म्हणाल्या आणि पुढची फळी पुसू लागल्या.

मी टूथपेस्ट घेतली, ताकाची बाटली घेतली. मग डोकेदुखीच्या बामची एक डबी दिसली. यंत्राला कळतं का पाहू, असं मनात आलं. डबी झब्ब्याच्या खिशात टाकली. दाराशी काढून दाखवणार होतो. निदान तेव्हा माझा तसा समज होता.

यंत्रासमोर दोन वस्तू धरल्या. दार उघडलं नाही. पडद्यावर लाल अक्षरं आली, 'एक वस्तू राहिली आहे.' माझ्यामागे एक वयस्क गृहस्थ आणि एक तरुण बाई खोळंबले होते.

"कोणाची चीज राहिली, पाहा बरं," गृहस्थ म्हणाले.

मी तेव्हाच खिशात हात घालायला हवा होता. यंत्राची परीक्षा घेत होतो, एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य चार अनोळखी कानांना कसं ऐकू जाईल, याची मला भीती वाटली. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग सगळ्यांच्या नजरा रेखाबाईंच्या कापडी पिशवीकडे गेल्या. वर्गात वापरायचो तो आवाज मला माझ्याच तोंडून ऐकू आला.

"बाई, तुमची पिशवी एकदा दाखवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, पण बराच वेळ. मग खाली बसल्या आणि एकेक वस्तू फरशीवर ठेवली. जेवणाचा डबा, पाण्याची बाटली, दुपट्टा, शिंप्याकडे द्यायचं एक पोलकं. शेवटी पिशवी उलटी करून झटकली.

तेवढ्यात छतातून एका मुलीचा आवाज आला. कुठल्या गावी बसून ती आम्हाला पाहत होती, कोणास ठाऊक. "नीले कुर्तेवाले अंकल, आपकी दाहिनी जेब देख लीजिए।"

मी डबी काढली. "मी फक्त बघत होतो, यंत्राला कळतं का," असं म्हणालो. डबी यंत्रासमोर धरली, गोड संगीत वाजलं, दार उघडलं. सगळे बाहेर पडले. रेखाबाई फरशीवरचं सामान पिशवीत भरत होत्या. मी वाकलो नाही. मीही बाहेर पडलो.

वास्तुशांतीला अनुजाने खास माझ्यासाठी गोळाभात (डाळीचे गोळे घातलेला भात) केला होता. वाढणाऱ्या बाया आग्रह करत होत्या. घास फिरत राहिला तोंडात. अनुजाला वाटलं, ऊन लागलं.

निघायच्या दिवशी सकाळी मी दुकानाच्या दाराशी जाऊन थांबलो. रेखाबाई टेम्पोतून खोकी उतरवत होत्या.

"परवा फार चुकलं माझं," मी म्हणालो. "तुमचा काही दोष नव्हता."

"मले माहीत होतं, काकाजी. तुमी डबी खिशात टाकली, तवा मी पाहून राहिली होती."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"वाटलं, म्हातारा माणूस, इसरला असन. चार लोकांत तुमची फजिती काहून कराची? हळूच कानात सांगाव म्हटलं. तं तुमीच पिशवी मागतली." त्यांनी खोकं खाली ठेवलं. "मंग सांगून का फायदा? माझं कोणं ऐकलं असतं? कॅमेऱ्यानं सांगतलं म्हणून तुमी आयकलं."

दाराबाहेर, भिंतीशी, उन्हात त्यांची पिशवी ठेवलेली होती. मी तिकडे पाहतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"आता आत नेऊ देत नाहीत. कंपनीनं सांगतलं, पिशवी बाहेर ठेवाची. डबा आंबून जाते उन्हानं."

"मी बोलतो कंपनीशी. सगळं सांगतो."

"नोका सांगू जी," त्या पटकन म्हणाल्या. "पुन्हा माझंच नाव निघन." आणि खोकं उचलून आत गेल्या. त्यांच्यामागे दार सरकून बंद झालं. माझ्याकडे ते उघडणारा मोबाईल नव्हता.

परतीच्या प्रवासात वर्ध्यापर्यंत खिडकीबाहेर काय होतं ते मला सांगता येणार नाही. असं दुकान चालतं का? चालतं, चांगलं चालतं. माणसं नसली तरी तिथे काही चोरीला जात नाही. मी जे पाहिलं ते एवढंच, की त्या दुकानात माझी लाज राखू पाहणारं जे कोणी होतं, त्याचीच झडती मी घेतली.

घरी पोचल्यावर बायकोने हौसेने विचारलं, "कसं होतं ते दुकान?" मी तिला सरकणारं दार सांगितलं, लाल अक्षरं सांगितली, छतातून बोलणारी मुलगी सांगितली. ती हसली.

"पण माल कोण लावतं मग?"

"एक बाई आहेत," मी म्हणालो आणि पाणी प्यायला आत गेलो.

बाकीचं तिला हे छापून आल्यावर कळेल.