गिएरीच्या बंदुकीचा चाप

आमच्या खोऱ्यात प्रत्येक घरात फौजेतून आलेली एखादी जुनी रायफल असते, आणि ती बिघडली की बाल्झर कांद्रियानकडे जायची. नेमबाज मंडळाचा शस्त्र-तपासनीस म्हणून त्याचं सगळं आयुष्य गेलं. तो बोलायला फटकळ, पण हात सोन्याचा. मी त्याचा शेजारी. संध्याकाळी त्याच्या दुरुस्तीच्या खोलीत कॉफी प्यायला बसायचो.

मागच्या वसंतात लादिना तिच्या वडिलांची, गिएरीची, रायफल घेऊन आली. पणजोबांच्या काळातली.

"बाल्झरकाका, मी मंडळात नाव घातलंय. पण हिचा काही भरवसा नाही. कधीकधी चापाला बोट लावायच्या आत सुटते."

बाल्झरचा चेहरा उतरला. गिएरी आणि तो एकेकाळचे जिवलग दोस्त. पण लादिना लहान असताना उन्हाळी सामन्यात गिएरीची गोळी भलत्याच वेळी सुटली आणि निशाणावर गोळी कुठं लागली ते दाखवणाऱ्या माणसाच्या खंदकाजवळ मातीत घुसली. "मी चापाला हातसुद्धा लावला नव्हता," असं गिएरी ओरडून सांगत होता. बाल्झरनं तिथंच रिकामा चाप चार-सहा वेळा ओढून पाहिला आणि जाहीर केलं, "बंदुकीत काही दोष नाही." म्हणजे दोष माणसात! मंडळानं गिएरीला काढून टाकलं. गावानं ठरवलं, तो प्यालेला होता.

बाल्झरनं रायफल खोलली. आधी वाटलं, जुनं तेल घट्ट झालं असेल. सगळे भाग रॉकेलनं धुतले. फरक नाही. स्प्रिंग बदलली. तरी नाही. गोळी आत सरकवणारा बोल्ट हळू पुढे नेला की चाप अगदी नीट: आधी सैल, मग अडतो, मग सुटतो. तोच जोरात पुढे ढकलला की रिकामी बंदूक आपोआप खट्ट वाजायची.

"सामन्यात घाईघाईनं भरताना असंच ढकलतात," तो पुटपुटला.

मग त्यानं आतला छोटा दात भिंगाखाली धरला. गोळी उडवणारी कळ चाप ओढेपर्यंत त्या दातावरच अडून राहते. पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"कड गोल झालीय. कानशीनं घासलीय." त्यानं भिंग खाली ठेवलं. "गिएरीला चाप हलका हवा होता. त्या सामन्याआधी मीच घासून दिला. जरा जास्तच घासला."

"तेव्हा लक्षात नाही आलं?"

"तेव्हा मी उघडून बघितलंच नाही रे. माझ्या हातचं काम, त्यात काय चूक असणार!"

त्यानं नवा दात बसवला, बोल्ट पुन्हा पुन्हा आपटून पाहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याला गाडीतून गिएरीकडे नेलं. गिएरी गोठ्याबाहेर बाकावर बसला होता. बाल्झरनं टोपी काढून, उभ्यानंच सगळं सांगितलं.

गिएरी ऐकत होता. "म्हणजे तुला लोखंडानं सांगितलं तेव्हा पटलं. मी सांगत होतो तेव्हा नाही."

"माफ कर, गिएरी."

"माझं सोड. माझी ओन्ना मेली ना, तोवर बाजारात तिला दारुड्याची बायको म्हणायचे. ती तिकडे चर्चमागं मातीत आहे. जा, तिला सांग."

बाल्झर खरंच गेला. मी फाटकाशी थांबलो. परत आला तेव्हा गुडघ्यांना माती होती.

मंडळाच्या वार्षिक सभेत तो उभा राहिला आणि सगळ्यांसमोर कबुली दिली. तरुण अध्यक्ष चुळबुळला. "बसा हो बाल्झरकाका. इतक्या वर्षांनी कुणाला आठवतंय?"

"त्यालाच आठवतंय ना, लेका!" बाल्झर म्हणाला.

ठराव झाला. गिएरीचं नाव पुन्हा यादीत चढलं. हा निरोप घेऊन लादिना घरी गेली, तर गिएरी म्हणाला, "आता मला मोतीबिंदू झालाय. निशाण काय, गायसुद्धा दिसत नाही."

त्यानंतर बाल्झरनं कुणाचीच बंदूक दुरुस्तीला घेतली नाही. लोक आले की शहरातल्या दुकानाचा पत्ता देतो. रविवारी चर्च सुटल्यावर दोघं त्याच पायऱ्या उतरतात. बाल्झर टोपीला हात लावतो. गिएरी कधी मान हलवतो, कधी नाही.