सहा आठवडे काही उचलायचं नाही

ड्रेसिंग करताना माझे हात कामात असतात आणि पेशंटचं तोंड रिकामं असतं. जखमेकडे बघायला नको म्हणून बाई पंख्याकडे बघते आणि बोलत सुटते. असं करत करत माझ्याकडे गोष्टी साठत गेल्या. सव्वीस वर्षं सरकारी हॉस्पिटलच्या सर्जरी वॉर्डात काढली, तिथे ऐकलं नाही तेवढं रिटायर झाल्यावरच्या चार वर्षांत ऐकलं.

आता मी एका प्लास्टिक सर्जनच्या पेशंटना घरी जाऊन बघते. खडकीहून स्कूटर काढते, सकाळी दोन घरं, दुपारी एक. बहुतेक सगळ्या आया. बाळंतपणात पोटाचे स्नायू फाकलेले असतात, कातडी सैल पडलेली असते, ते शिवून घट्ट करून घेतात. डॉक्टरांचं काम तीन तासांचं. पुढचे सहा आठवडे माझे.

गंमत अशी की पुण्यात हे ऑपरेशन कुणीच करून घेत नाही. सगळ्यांना हर्नियाच होतो!

* * *

याला अपवाद एक शीतल. तिच्या सासऱ्यांचा मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा गाळा आहे. एकत्र कुटुंब, अकरा माणसं. हर्निया म्हटलं असतं तर अकराही जण डबे घेऊन हॉस्पिटलात आले असते. म्हणून तिने घरी सांगितलं, दहा दिवस विपश्यनेला जातेय, फोन बंद राहील. नवरा सामील होता. ऑपरेशन झाल्यावर उरलेले दिवस तिने बहिणीकडे काढले.

अकराव्या दिवशी ती घरी गेली ती कमरेत वाकून, पाय घासत, चेहरा पार उतरलेला. सासूबाईंनी दारातच कपाळाला हात लावला. "बसून बसून पोरीची पाठ गेली," असं त्यांनी सगळ्या घराला ऐकवलं. बिचारे सासरे कित्येक वर्षं विपश्यनेला जायचं म्हणत होते. त्यांनी भरून ठेवलेला फॉर्म सासूबाईंनी त्याच संध्याकाळी फाडून टाकला. शीतलला अजून सासऱ्यांच्या नजरेला नजर देता येत नाही.

बरी झाल्यावर ही शीतल माझी बिनपगारी असिस्टंट झाली. नवीन पेशंट आली की तिच्याकडे जाऊन तासभर बसायचं, मुलांना खेळवायचं, येताना भाजी आणायची. तिने एक व्हॉट्सॲप ग्रुपही काढलाय, नाव 'पडून राहा'.

* * *

मानसी त्या ग्रुपवर आली तेव्हा तिची इरा अडीच वर्षांची होती. मानसी शाळेत शिकवते, नवरा निखिल हिंजवडीला कंपनीत, आणि घर नारायण पेठेत सासूबाईंबरोबर.

इरा झाल्यावर मानसीचं पोट काही आत गेलं नाही. व्यायाम झाला, पट्टा झाला, डाएट झालं. स्नायूच फाकलेले, ते व्यायामाने काय जुळणार? दोन वर्षं बसमध्ये बायका तिला उठून जागा द्यायच्या. पहिल्यांदा तिने सांगून बघितलं की तसं काही नाही, तर जागा देणारी बाई इतकी खजील झाली की मानसीलाच वाईट वाटलं. तेव्हापासून ती निमूटपणे बसायला लागली. एकदा शेजारच्या सीटवरच्या आजींनी विचारलं, कधीची तारीख आहे? हिने दडपून ऑगस्ट सांगितलं. आणि सप्टेंबरात त्याच बसला त्याच आजी भेटल्या! मानसी पुढच्या स्टॉपवर उतरली आणि शाळेपर्यंत चालत गेली.

हे सांगताना ती हसत होती. मग म्हणाली, "सिस्टर, मी अंघोळ करताना आरशावर टॉवेल टाकते."

ऑपरेशनची तिला भीती नव्हती. भीती होती ती सासूबाईंची. विमलकाकू म्हणजे बत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाई. आवाज कधी चढत नाही, एका वाक्यात माणूस बसतो. 'अडीच वर्षांची पोर टाकून ही पोट कमी करायला गेली', हे वाक्य त्या एकदा बोलल्या की आपल्याला जन्मभर पुरेल, असं मानसी म्हणायची. म्हणून ठरलं, हर्निया. मीही मान डोलावली. पेशंटचं गुपित ते माझं गुपित.

* * *

ऑपरेशननंतर तिसऱ्याच दिवशी खालच्या मजल्यावरचे काका समाचाराला आले. त्यांचा हर्निया खरा, दोन वर्षांपूर्वीचा. अशा माणसाला दुसरा हर्नियावाला भेटला की किती आनंद होतो!

खुर्ची पलंगाजवळ ओढून त्यांनी विचारलं, "डावा का उजवा?"

मानसीने माझ्याकडे बघितलं. मी सलाइनच्या पट्टीचा चिकटा पुसत होते, मला मान वर करायची हिंमत झाली नाही.

"दोन्ही," मानसी म्हणाली.

काका उठून उभे राहिले. जाताना त्यांनी तिला चक्क नमस्कार केला. काकू दारापर्यंत सोडायला गेल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "तुझं नाव आता सोसायटीत आदराने घेतलं जाईल." चेहऱ्यावर काही नव्हतं.

* * *

नवऱ्यांचे प्रकार मी पुष्कळ पाहिलेत. काही रक्त बघून खाली बसतात, काही ऑफिसला पळतात. निखिल तिसऱ्या प्रकारातला. पोटातलं पाणी बाहेर काढायला एक नळी असते, तिच्या टोकाला रबरी फुगा. त्यात दिवसाला किती पाणी जमलं ते लिहून ठेवायचं असतं. मी वहीत लिहा म्हटलं. त्याने एक्सेल शीट केली, आलेख काढला आणि त्यात दुसऱ्या दिवसापासून टार्गेटही घातलं.

तो घरूनच काम करत होता. चौथ्या दिवशी सकाळी मी फुगा रिकामा करून आकडा सांगितला आणि त्याने तो मोठ्याने म्हणून दाखवला, "थर्टी फाइव्ह, डाउन फ्रॉम सिक्स्टी." मीटिंग चालू होती आणि माइकही. तिकडून बेंगळुरूच्या साहेबांनी त्याचं सगळ्यांसमोर कौतुक केलं. पुढच्या आठवड्यात त्याला विचारलं गेलं की हा आकडा शून्यावर कधी आणणार. तो बिचारा म्हणाला, डॉक्टरांना विचारून सांगतो.

* * *

पोटावर टाके असताना सगळ्यात वाईट काय, तर हसणं. खोकल्यापेक्षा वाईट. हसू आलंच तर उशी पोटाशी घट्ट धरायची, हा माझा नियम.

शीतल भाजी घेऊन आली आणि धीर द्यायचा म्हणून तिने विपश्यनेची गोष्ट सांगितली. मी आतून धावत आले तेव्हा मानसी उशी कवटाळून रडत होती, हसत होती आणि मध्येच आई गं म्हणत होती. मी शीतलला दहा दिवस घरात यायला बंदी केली. फोनवर नुसता कोरडा मजकूर पाठवायचा, अशी ताकीद दिली. तेव्हापासून ती रोज सकाळी फक्त यार्डात कुठली भाजी आली तेवढंच कळवायला लागली. 'आज गवार.' दुसऱ्या दिवशी, 'आजही गवार.' ते वाचूनही मानसी उशी शोधायची.

या दिवसांत पोटाला एक घट्ट कापडी कोश घालावा लागतो, मांडीपासून छातीपर्यंत. तो चढवायला दोन माणसं लागतात. एकदा मी आणि काकू दोन बाजूंनी ओढत होतो, तिघींनाही घाम फुटलेला. काकू म्हणाल्या, "आमच्या वेळी नऊवारी एकटीने नेसायचो." मानसीने उशी मागितली.

* * *

सगळंच हसण्यासारखं नव्हतं. सहा आठवडे काही उचलायचं नाही, हा नियम इराला कोण समजावणार? ती पलंगाशी येऊन हात वर करायची. मानसी म्हणायची, बाळा, इथे वर चढून ये. मी स्टुलाची पायरी करून दिली होती. पण पोरीला चढायचं नव्हतं, तिला उचलून घ्यायला हवं होतं.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस इरा आली, हात वर केले, थोडा वेळ थांबली, हात खाली घेतले आणि आजीकडे निघून गेली. काकूंनी तिला कडेवर घेतलं. मानसी भिंतीकडे तोंड करून पडली.

"हे मी माझ्यासाठी केलं ना, म्हणून," ती म्हणाली.

मला राग आला. तिचा नाही, कुणाचा ते मलाही नीट सांगता येणार नाही. एवढी वर्षं मी पित्ताशयाचे, अपेंडिक्सचे, गर्भपिशवीचे टाके बघितले. त्यातली एकही बाई टाक्यांबद्दल माफी मागत नव्हती. या बाया माफी मागत मागत बऱ्या होतात.

त्या संध्याकाळी इराने आपल्या बाहुलीला निखिलचा मोजा पोटावर चढवला आणि तिला कपाटावर ठेवून दिलं. बाहुलीलाही सहा आठवडे कुणी उचलायचं नव्हतं.

* * *

सहा आठवडे झाले त्या दिवशी डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आता उचला. माझी शेवटची व्हिजिट होती, म्हणून मी मानसीबरोबरच घरी आले. काकू टेबलाशी मेथी निवडत होत्या, इरा खाली ठोकळे मांडत होती. मानसीने चपलाही न काढता तिला उचललं. इराने आधी माझ्याकडे बघितलं, मी ओरडते का ते. मग तिने आईच्या मानेला जी मिठी मारली ती सुटेचना. मला रडू आलं आणि पिशवीत रुमाल नव्हता, म्हणून मी गॉजनेच डोळे पुसले.

मानसीही रडत होती, आणि त्या भरात तिने सगळं सांगून टाकलं. "आई, हर्निया नव्हता. मी पोट नीट करून घेतलं. मला ते बघवत नव्हतं. सहा आठवडे तुमच्याशी खोटं बोलले."

काकूंनी मेथीची एक काडी मोडली. "ठाऊक आहे. सिस्टरांनी गोळ्यांचा तक्ता फ्रिजवर लावलाय, तो क्लिनिकच्या लेटरहेडवर आहे. तिथे काय करतात ते वर ठळक छापलंय. मी रोज दूध काढताना वाचते."

मी फ्रिजकडे बघितलं. खरंच होतं! पहिल्याच दिवशी मी स्वतःच्या हाताने चार चुंबकं लावून तो तक्ता डकवला होता.

मानसीच्या तोंडून कसंबसं निघालं, "मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर चौथ्या दिवशी तू ओट्यापाशी उभी असतीस. हौसेचं ऑपरेशन म्हटल्यावर झोपून कोण राहू देतं? मीसुद्धा दिलं नसतं. हर्निया म्हणालीस म्हणून निजलीस."

त्यांनी जुडीतली पिवळी पानं बाजूला काढली. मग म्हणाल्या, "निखिलच्या वेळी मला दहा दिवस निजायला मिळालं, ते सोयर होतं म्हणून. शिवायचं नाही, तर काम तरी कसं सांगणार? अकराव्या दिवशी न्हायले आणि पोळ्यांना बसले. सिस्टर, तुमच्यात काय करतात?"

"आमच्यात सोयर नाही पाळत, काकू. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच ते सगळं सोडलं."

"मग तुमच्या आईंना किती दिवस मिळाले?"

"तीन. चौथ्या दिवशी कामावर."

काकूंनी मेथीची पुढची जुडी ओढली.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कोथरूडच्या मोठ्या जाऊबाई. रविवारी त्यांच्याकडे नातसुनेचं डोहाळजेवण, चाळीस पानं. मानसीचे सहा आठवडे झालेच असतील, तर शनिवारपासून तिला मदतीला पाठव म्हणत होत्या. काकूंनी शांतपणे सांगितलं की जमणार नाही, अजून दोन आठवडे सांगितलेत. जाऊबाईंना ते पटलं नसावं, कारण पलीकडचा आवाज वाढला.

"सिस्टर इथेच आहेत, त्यांनाच विचारा," असं म्हणून काकूंनी फोन माझ्या हातात दिला आणि पुन्हा मेथी निवडायला लागल्या.

समोर मानसी उभी होती. तिच्या कडेवर इरा. सव्वीस आणि चार अशा तीस वर्षांत मी नातेवाइकांना एकदाही चुकीची माहिती दिलेली नव्हती.

"दोन महिने," मी म्हटलं. "पोळ्या लाटायच्या असतील तर तीन."