जनरल वॉर्डातल्या सायकलच्या घंट्या

माझ्या थोरल्या जाऊबाई मेट्रन झाल्या तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, चला, आता बाईला जरा बसायला मिळेल. इतकी वर्षं वॉर्डात पाय मोडेस्तोवर उभं राहणं झालं, आता स्वतंत्र खोली आणि गुबगुबीत खुर्ची. सासूबाईंनी तर शेजारणीला सांगूनही टाकलं, "आमची सून आता नुसत्या सह्या करणार."

ताईंनी (मी त्यांना ताई म्हणते) पहिल्याच दिवशी खुर्चीकडे पाठ फिरवली आणि बायकांच्या जनरल वॉर्डात जाऊन एका खाटेवर आडव्या झाल्या.

त्याला कारण होतं. त्या वॉर्डात बायका पडायच्या. कुणी बाथरूमकडे जाताना, कुणी पाण्याच्या तांब्यासाठी वाकताना. नुकतीच एक शिवणकाम करणारी बाई खाटेवरून उतरताना पडली आणि जुळत आलेला खुबा पुन्हा मोडून बसली. दर वेळी उत्तर ठरलेलं: "काय करणार, पेशंट ऐकतच नाहीत."

"का ऐकत नाहीत ते बघते," म्हणत ताईंनी प्लॅस्टरवाल्याकडून मांडीपर्यंत प्लॅस्टर घालून घेतलं, हॉस्पिटलचा गाऊन चढवला आणि नर्सना बजावलं, "आज मी पेशंट. मॅडम म्हणाल तर खबरदार!"

घरी कळलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "नोकरीत बढती मिळाली ती झोपायला?"

दुपारी ताईंना बाथरूमला जायची वेळ आली. त्यांनी हाक मारली, "सिस्टर!" पंख्यांची घरघर, ट्रॉलीचा खडखडाट, त्यात नर्स पार दुसऱ्या टोकाला सलाईन लावतेय. पुन्हा हाक मारली. मग शेजारच्या बाईने मारली. कुणाला ऐकूच जाईना. बराच वेळ कळ काढल्यावर आमच्या मेट्रनबाई, ज्यांनी आयुष्यभर पेशंटना "एकटं उठायचं नाही" म्हणून दटावलं, त्या स्वतःच प्लॅस्टरचा पाय ओढत उठल्या. दोन पावलांत तोल गेला. फरशी पुसणाऱ्या मावशींनी कमरेला मिठी मारून सावरलं म्हणून बरं, नाहीतर प्लॅस्टर खरंच उपयोगी पडलं असतं.

"पेशंट ऐकत नाहीत असं नाही हो," त्या संध्याकाळी आम्हाला सांगत होत्या, "आपल्यालाच त्यांचं ऐकू येत नाही."

वरच्या मजल्यावर प्रायव्हेट खोल्या. तिथे प्रत्येक उशाशी लाल बटण. दाबलं की नर्स हजर. ताई मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या, "खालीही बटणं हवीत." ते म्हणाले, "जुनी इमारत आहे, वायरिंग पुढच्या वर्षी बघू. आणि मॅडम, जनरल वॉर्डाला बेल दिली तर दिवसभर वाजवत बसतील."

"बसू देत. पडण्यापेक्षा वाजवणं बरं."

तिथून त्या थेट आमच्या सायकलच्या दुकानात आल्या. माझे यजमान चाकात हवा भरत होते. "भाऊजी, जुन्या घंट्या आहेत?" त्यांना वाटलं, वहिनी सायकल घेणार! खोकंभर घंट्या निघाल्या. आम्ही दोघांनी घासूनपुसून, तेल घालून त्या खाटांच्या दांड्यांना आवळल्या.

पहिल्या दिवशी नुसता कल्लोळ. ट्रिंग इकडे, ट्रिंग तिकडे. एका आजींनी घंटी वाजवून नर्सला बोलावलं आणि विचारलं, "तुझं लग्न झालंय का गं?" संध्याकाळी सगळ्यांत जुनी स्टाफ नर्स डोळ्यांत पाणी आणून ताईंसमोर उभी राहिली. "मॅडम, आम्हाला हात दोनच आहेत."

ताई तिच्यावर रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्या स्वतःच वॉर्डात उभ्या राहिल्या आणि घंटी वाजली की धावू लागल्या. त्यांच्या लक्षात आलं, मागणी तीच असते: पाणी, बेडपॅन, कूस बदलून द्या. मग त्यांनी नर्सना सांगितलं, घंटीची वाट न बघता आपणच ठरावीक वेळाने प्रत्येकीला विचारत जायचं. दुपारच्या गर्दीच्या वेळी वरच्या मजल्यावरच्या दोघी नर्स खाली आणल्या. वॉर्ड हळूहळू शांत झाला. जुनी स्टाफ नर्सही निवळली. पुढे तीच कुरकुरणाऱ्या घंट्या हेरून आम्हाला निरोप धाडू लागली.

वरच्या मजल्यावरून मात्र तक्रार गेली. मोठे डॉक्टर तणतणत वॉर्डात आले तेव्हा मी तिथेच होते, पाना घेऊन एक अडकलेली घंटी सोडवत.

"हे हॉस्पिटल आहे की सायकलची शर्यत? आणि वरच्या नर्स कुणाला विचारून हलवल्या?"

ताईंचा आवाज चढला नाही. "सर, वरचा पेशंट पडला तर आपण चौकशी बसवतो. खालची पडली तर म्हणतो, ती ऐकत नाही. हाड तर दोघांचं सारखंच मोडतं."

डॉक्टर काही बोलणार, तेवढ्यात त्यांच्या मागून ट्रिंग ट्रिंग! इस्त्रीचं काम करणारी एक बाई, पोटाचं ऑपरेशन झालेली, घंटीवर अंगठा ठेवून बसली होती.

"डॉक्टरसाहेब, माझ्या पोटातून काय काढलंत? कुणी सांगितलंच नाही. मी आपली रोज घाबरून झोपते."

डॉक्टरांनी स्टूल ओढलं, बसले आणि तिला कळेल अशा भाषेत सगळं सांगितलं. पित्ताशयातले खडे होते, भिण्यासारखं काही नाही. ती म्हणाली, "एवढंच? मग आधी नाही का सांगायचं!" अख्खा वॉर्ड हसला, डॉक्टरही हसले. नर्सचा विषय पुन्हा निघाला नाही.

पडणं अगदीच थांबलं असं मात्र नाही. एक लाजाळू बाई घंटी हाताशी असूनही एकटी उठली आणि पडली. नशिबाने खरचटण्यावर भागलं. "सिस्टर कामात होत्या, उगीच कशाला त्रास द्यायचा," म्हणाली. ताई तिच्याजवळ बराच वेळ बसल्या. घरी आल्यावर त्यांना जेवण गेलं नाही. "आयुष्यभर हाक मारायची सवयच नाही गं तिला. नुसती घंटी देऊन काय होणार?"

तेव्हापासून नवी पेशंट आली की जुनी स्टाफ नर्स आधी तिला घंटी वाजवायला लावते. बहुतेक जणी लाजतात, बोट लावून मागे घेतात. "जोरात वाजव!" शेजारच्या खाटेवरून कुणीतरी ओरडतं. मग ती एकदाची वाजवते आणि सगळा वॉर्ड आपापल्या घंट्या वाजवून तिला उत्तर देतो.