बुचातली फट

आमच्या उमरग्याकडं निजामाच्या राज्यात मिशनचा एक दवाखाना होता. तिथल्या कंपाउंडरांकडं मी कानात औषध घालायला रोज जायची. आधी प्रवचन, मग थेंब. कान माझा दुखायचा, पण ऐकवायची हौस त्यांना. प्रत्येक वाक्याला शेपूट लावायचे, "समजलं का?"

त्यांचं वाकडं शाळेतल्या सायन्सच्या मास्तरांशी. मास्तर म्हणायचे, "पहिला जीव चिखलपाण्यात आपोआप झाला." कंपाउंडर भडकायचे, "देवानं फुंकर घातल्याबिगर मुंगी तरी होती का हो?" शेवटी त्यांनी मटणाची आळणी, म्हणजे बिनतिखटाचं पाणी, खळखळ उकळून बाटलीत भरली. बूच मारलं, वर मेण ओतलं. "रविवारपर्यंत ह्यात जीव पडून ही नासली, तर प्रार्थनेत उभा राहून हरलो म्हणीन, समजलं का?"

शनिवारी मी गेले, तर हे नासकी आळणी मोरीत ओततायत आणि स्टोव्हवर ताजी उकळतीय! मला बघून दचकले.

"बुचात फट होती गं पोरी, देवात न्हाय. समजलं का?"

मला चांगलंच समजलं.

रविवारी मास्तरांनी नितळ बाटली उन्हात धरून पाहिली आणि हार मानून निघून गेले. मी कुणाला बोलले नाही. पण कान बरा झाल्यावरही महिनाभर दवाखान्यात जात राहिले. मी समोर बसले, की कंपाउंडरांचं प्रवचन अर्ध्यात अडायचं. ते बघायला जायची.