तिथूनच नमस्कार

कोणी पाया पडायला वाकलं की अण्णा झटकन दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घ्यायचे. "असू द्या अक्का, तिथूनच. पोचला." सर्जापूर रोडवरच्या आमच्या इमारतीत दिवाळीचा फराळ घेऊन मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले, तेव्हा माझा नमस्कार असा फरशीलाच पोचला. मी पुण्याची, मला रागच आला. म्हटलं, पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात राहून मराठी माणसं इतकी शिष्ट होतात की काय?

शिष्टपणा कसला! पुढे त्यांच्या मुलीकडून कळलं, डाव्या पायाच्या अंगठ्याला जखम होती. शुगर जुनी. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून ती जखम चिघळत होती आणि हा गृहस्थ मोज्यात लपवून बसला होता. पाया पडणाऱ्याच्या हाताला काही लागायला नको, एवढीच त्यांना काळजी. होसकोट्याहून मुलगी यायची, तिलाही तिथूनच. तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं, स्वतःच्या दुखण्यापेक्षा दुसऱ्याची अडचण मोठी मानणारी. मला तर त्यांचा संताप यायचा.

मी एका हॉस्पिटलात कॅथ लॅबमध्ये, म्हणजे बंद रक्तवाहिन्या उघडतात त्या विभागात, टेक्निशियन आहे. मीच हात धुऊन मागे लागले आणि त्यांना तिथे आणलं. पायाची रक्तवाहिनी बंद पडली होती, ती डॉक्टरांनी आतून फुगा फुगवून उघडली. अण्णा जागेच होते. मग आम्ही रक्तात डाय, म्हणजे रंगद्रव्य, सोडून पावलात रक्त कसं पसरतं त्याचं चित्र घेतलं. रक्त लवकर पोचलं तिथे लाल, उशिरा पोचलं तिथे निळं, पोचलंच नाही तिथे काळं. जखम भरेल की नाही, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

पडद्यावर टाच लाल झाली. तिच्या पुढे निळं. अंगठा काळा तो काळाच राहिला.

अण्णा पडद्याकडे टक लावून बघत होते. म्हणाले, "कावेरीच्या पाण्याची मोठी लाइन चालू झाली, पण आमच्या घरच्या नळाला पाणी नाही. होय ना, अक्का?"

मला हसू आलं आणि लगेच डोळेही भरून आले. मास्क होता म्हणून निभावलं.

जखम भरायची आशा कमी आहे, असं डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगितलं. तरी वाट पाहिली, देव पाण्यात घालून मुलगी बसली. पण झालं चित्रासारखंच. काळेपणा वर चढला, ताप हटेना. गुडघ्याखालून पाय काढायचा ठरला. अण्णा कानडीत नुसतं "सरी", ठीक आहे, म्हणाले.

ऑपरेशनच्या सकाळी त्यांनी मुलीला आणि मला पलंगाशी बोलावलं. पायावरची चादर स्वतःच्या हाताने बाजूला केली.

"आज करा नमस्कार. दोन्ही आहेत तोवर."

मुलगी वाकली ती उठेचना. किती वर्षांचे नमस्कार साठले होते तिचे! अण्णा तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाले, "स्वल्प हळू गं, दुखतंय." मग मी वाकले. पट्टीतूनही पाऊल गार लागलं. अगदी काळीज तुटलं माझं.

ऑपरेशन नीट झालं, पण हृदयच थकलेलं होतं. आठवड्याच्या आत अण्णा गेले.

घरी आणल्यावर सगळी इमारत लोटली. एकेक जण पाया पडत होता. माझी पाळी आली तशी मी वाकले. सवयीने दोन्ही हात पुढे गेले. एक पावलावर टेकला, दुसरा नुसत्या चादरीवर.

"तिथूनच" म्हणायला आता कोणी नव्हतं.